कातड्याचा हिशेब

संगीताला जात नसते, हे वाक्य आपल्याकडे सगळ्यात जास्त कोण बोलतं? ज्याच्या खानदानात कुणाला मेलेल्या जनावराच्या पायाला दोरी बांधावी लागली नाही, तो. आवाजाला जात नसेल, कबूल. पण आवाज ज्याच्यातून निघतो त्या कातड्याला जात आहे. ते कुणी सोललं? कुणी कमावलं? कुणी ताणून चढवलं? कुणी वाजवलं? आणि पोस्टरवर नाव कुणाचं लागलं? पाच प्रश्न आहेत. पहिल्या तिघांना नावच नसतं. चौथ्याला निम्मंशिम्मं असतं. पाचव्याचं तेवढं झगमगाटात असतं.

हा हिशेब आजच काढायला कारण आहे. आमच्या कांजूरमार्गला रेल्वेच्या पश्चिमेला पवई, आयआयटी, हिरानंदानीचे मनोरे. पूर्वेला मिठागरं, खाडी आणि अख्ख्या शहराच्या कचऱ्याचं डम्पिंग. मधल्या चाळी-झोपड्यांतून आता पोरं बीट बनवताहेत. मोडका लॅपटॉप, फुकटात उतरवलेलं सॉफ्टवेअर, एका कानातच वाजणारा हेडफोन. बाप जयंतीला हलगी वाजवायचा, पोरगा स्वतःला ‘प्रोड्यूसर’ म्हणवतो. म्हणवू दे, छाती फुगते आपली. पण या पोरांपुढे नमुना म्हणून जी माणसं ठेवली जातात त्यांनी नेमकं काय केलं, त्यांच्याकडून काय घ्यायचं आणि काय नाकारायचं, हे कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलतो. मी काही संगीताचा पंडित नाही. मॅट्रिक पास, गोदीत कंत्राटी हमाल, कविता लिहितो. पण माल कुणाचा आणि उचलतो कोण, हा विषय मला पंडितापेक्षा जास्त कळतो.

कर्ष काळे घ्या. आडनाव आपल्याकडचं, घर मराठी. जन्म १९७४ चा, इंग्लंडातल्या वेस्ट ब्रॉमविचचा. वाढला अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या बाजूला लाँग आयलंडवर. एका हातात तबला बसला, दुसऱ्या हातात ड्रम्स. कानात हिंदुस्थानी गाणं, रॉक, हिपहॉप सगळंच. २००० साली ‘तबला बीट सायन्स’ नावाचा जथा उभा राहिला. बिल लास्वेल हा अमेरिकन बासवाला-निर्माता, २०२४ मध्ये गेलेले झाकिर हुसेन, आपला त्रिलोक गुर्टू, लंडनचा तलविन सिंग, सारंगीवर सुलतान खान. या दांडग्या माणसांत हा पंचविशीचा काळे होता. पुढे त्याचे स्वतःचे आल्बम आले: २००१ मध्ये ‘रिअलाइझ’, २००३ मध्ये ‘लिबरेशन’, २००६ मध्ये ‘ब्रोकन इंग्लिश’. तबला वाजवणारा आणि मशीनवर रचणारा, दोन्ही एकच माणूस.

तो करतो काय? तबल्याचा आवाज तारेतून मशीनीत नेतो. तिथे बायाची घुमक फुगवतो, चाटेचा टणत्कार लांबवतो, तुकडे करून परत जोडतो. खाली ड्रम अँड बेस धावत असतो, मिनिटाला १७० च्या आसपास ठोके. त्यावर तबला कधी त्याच गतीत पळतो, कधी निम्म्यात चालतो. म्हणजे एकाच गाण्यात दोन चाली. डोकं एका लयीत, पाय दुसऱ्या. गोदीत विंच वर जाताना जो धडधडाट असतो आणि खाली टोळी ज्या चालीने ओझं सरकवते, त्या दोन लयी एकमेकींत अडकलेल्या ज्याने ऐकल्यात त्याला हे संगीत कुणी समजावून द्यायला लागत नाही. मला ते आवडतं. सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं कुणी जळफळाट समजणार नाही.

आता या माणसांवर टीका करणारी एक पांढरपेशी फौज आहे. त्यांचं म्हणणं, तबला बाटवला. शुद्ध ताल भ्रष्ट केला. दोस्तांनो, या फौजेत चुकूनही उभे राहू नका. शुद्ध, बाटलेलं, भ्रष्ट, सोवळं: हे शब्द कुठल्या कारखान्यात तयार झाले ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पाण्याला लावले, विहिरीला लावले, सावलीला लावले, आता तालाला लावताहेत. मिश्रणाला शिव्या देणं हे आपलं काम नव्हे. मिश्रण तर आपणच केलंय, तेही विमानात न बसता.

पुरावा देतो. आपल्या मिरवणुकीतला बँजो. त्याला बँजो म्हणतात पण तो बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानचं, ‘तायशोगोतो’ नावाचं वाद्य, १९१२ साली नागोया शहरात बनलेलं. टाइपरायटरसारख्या कळा, खाली तारा. ते जपानी खेळणं मुंबईच्या गल्लीत आलं, आपल्या पोरांनी त्याला वीज जोडली, भोंगा जोडला, शेजारी नाशिकचा ढोल, कच्छी ढोल, ताशा आणला. १९८५ साली रोलंड कंपनीने ऑक्टोपॅड काढला; तो आपल्याकडे पोचल्यावर बँजो पार्ट्यांनी त्यावर संबळ चढवला, हलगी चढवली. जपान, कच्छ, नाशिक आणि इलेक्ट्रॉनिक पॅड, सगळं एका हातगाडीवर, चौदा एप्रिलच्या रात्री. याला कुणी ‘वर्ल्ड फ्यूजन’ म्हणालं? गोंगाट म्हणाले. २०१६ साली रवी जाधवने ‘बँजो’ नावाचा सिनेमा काढला. त्यातही या बँजोवाल्याची किंमत ओळखायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागते. पारखी नेहमी समुद्रापलीकडचाच लागतो, च्यायला.

आणि त्याही आधी, कांजूरहून दोन स्टेशनांवर, घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहत होते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातला गण-गवळणीचा सांगाडा मोडला आणि त्यात कामगाराचा प्रश्न भरला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, माल नवा. हे मिश्रण नव्हतं तर काय होतं?

तेव्हा मिश्रण वाईट, हे माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच: मिश्रणात जो जो हात घातला गेला त्या प्रत्येक हाताचं नाव आणि दाम बाहेर आलं पाहिजे. नाहीतर ते मिश्रण नव्हे, चोरी आहे. मग करणारा कितीही गुणी असो.

हिपहॉपची जन्मकथा बघा. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स. मधोमध हायवे घालून वस्त्या चिरलेल्या, घरं पडीक, काळी आणि पोर्टोरिकन गरीब माणसं. म्हणजे रस्तारुंदीत गेलेली आपलीच वस्ती समजा. तिथल्या १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. त्याने बघितलं, गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ताल वाजतो तेवढ्या वेळेतच पोरं खरी नाचतात. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन तबकड्यांवर ठेवून तो तेवढाच तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागला. गायक गेला खड्ड्यात, ताल राजा झाला. त्याच्या वर्षभर आधी, १९७२ मध्ये, याच मुंबईत अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली होती. दोन शहरं, दोन वस्त्या. ब्रॉन्क्समधली पोरं तबकडीवर बोलत होती, आपली सायक्लोस्टाइलच्या कागदावर.

आता याच कथेची काळी बाजू. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ नावाच्या बँडने ‘आमेन, ब्रदर’ हे गाणं काढलं. त्यात मध्येच ड्रमरने सहा-सात सेकंद एकट्याने वाजवलंय. ड्रमरचं नाव ग्रेगरी कोलमन. काळा माणूस. मशीनीत आवाजाचे तुकडे साठवायची सोय आली तेव्हा हा तुकडा उचलला गेला. हिपहॉपमध्ये गेला, लंडनला जंगल आणि ड्रम अँड बेस या प्रकारांचा तर पायाच झाला. हजारो गाणी त्यावर उभी आहेत. कोलमनला त्याचे किती मिळाले? शून्य. २००६ साली तो बेघर, कफल्लक अवस्थेत मेला. बँडच्या पुढाऱ्यासाठी २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून २४ हजार पौंड जमवले, पण ज्याने काठ्या चालवल्या तो तोवर मातीत गेला होता.

कर्ष काळेचा तबला ज्या ड्रम अँड बेसच्या खांद्यावर नाचतो, त्या खांद्याखाली हा माणूस गाडलेला आहे. यात काळेचा गुन्हा नाही. पण तालाच्या धंद्याचा कायदा काय आहे ते यावरून कळतं: सुरावट लिहिणाऱ्याची मालमत्ता, शब्द लिहिणाऱ्याची मालमत्ता, आणि ताल म्हणजे गावठाणाची मोकळी जागा, कुणीही यावं आणि झोपडं नव्हे, टॉवर बांधावा.

‘वर्ल्ड म्युझिक’ हे लेबलसुद्धा असंच. १९८७ साली लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली. दुकानात आफ्रिकेचा, आशियाचा माल कुठल्या फळीवर लावायचा कळत नव्हतं, म्हणून त्यांनी हा शब्द पक्का केला. गोऱ्यांचं ते म्युझिक, उरलेल्या जगाचं ते वर्ल्ड म्युझिक. गोदीत आम्ही याला माल वेगळा लावणं म्हणतो. वेगळा लावलेल्या मालाचा फायदा मालकाला होतो, हमालाला होत नाही.

मग नाव घेऊन काम करणारे कुणीच नाहीत का? आहेत. त्रिलोक गुर्टू मुंबईचा, १९५१ चा. त्याची आई शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्याची मोठी गायिका, जन्म बेळगावचा. तिची आई मेनकाबाई शिरोडकर, नर्तकी आणि अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांची कला समाजाने किती चवीने खाल्ली आणि त्या बायकांना किती तिरक्या नजरेने बघितलं, हे आपल्याला सांगायला नको. त्रिलोक परदेशात गेला, जॅझवाल्यांत वाजवलं, जमिनीवर गुडघे टेकून तबला आणि ड्रम एकत्र मांडले, पाण्याच्या बादलीत झांजा बुडवून आवाज काढले. १९८८ साली त्याचा स्वतःचा ‘उस्फ्रेट’ हा आल्बम आला. त्यात गायला कोण? आई. नावानिशी. पुढे २००४ मध्ये रॉबर्ट माइल्स या इटालियन इलेक्ट्रॉनिकवाल्याबरोबर केलेल्या आल्बमवर दोघांची नावं जोडून लागली. हा झाला रोकडा व्यवहार.

पण तबला कितीही झालं तरी दरबारातून आलेलं वाद्य. त्याच्या पुडीला बकऱ्याचं कातडं, त्यावर लोहकिसाची शाई, बाजूला वाद्या, वाद्यांत गट्टे. वाजवणारा उस्ताद, पंडित. बनवणारा मात्र गल्लीत बसलेला, नुसता ‘तबलेवाला’. हलगीची गोष्ट त्याहून वेगळी. हलगीला पंडित नाहीच. गावकीने ती मातंगाच्या गळ्यात बांधली. लग्नात पुढे, मयताला पुढे, जत्रेत पुढे, आणि जेवायला मागे. शेकोटीवर कडं फिरवून कातडं तापवायचं, एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. ती काडी जे बोलते ते ऐकून देव अंगात येतो म्हणे. येतो, पण वाजवणाऱ्याला देवळात घेत नाही.

इथे आपल्याच घरातला एक वाद आहे आणि तो झाकायचा नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडपासून सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मृत मांस खाऊ नका, गावकीची हलकी कामं टाका. ते बरोबरच होतं. त्याच हिशेबात कित्येकांनी वाद्यंही टाकली. तेही बरोबर होतं, कारण जे वाजवायला नाही म्हणता येत नाही ती कला नव्हे, वेठबिगार आहे. तामिळनाडूत पराई या वाद्याचं असंच झालं. प्रेतापुढे वाजवायची सक्ती, म्हणून एका पिढीने ते फेकलं. मग दुसऱ्या पिढीने उचललं, पण मोर्चात, व्यासपीठावर, स्वतःच्या मर्जीने. दोन्ही पिढ्या खऱ्या आहेत. पहिलीने नाही म्हणायचा हक्क मिळवला म्हणून दुसरीच्या हो म्हणण्याला किंमत आली.

आणि आपल्याकडे? आपल्यातले काही शिकलेले अजून हलगीवाल्याकडे ‘ते त्यांचं काम’ अशा नजरेने बघतात. त्यांचं म्हणजे कुणाचं रे? जयंतीच्या मंडळात डीजेवाल्याची सुपारी हजारांत, त्याच्या बेसने खिडक्या फुटायची वेळ, आणि हलगीवाल्यांच्या हातावर वडापाव आणि थोडी चिल्लर. पत्रिकेवर पाहुण्यांची बावीस नावं, वाजवणाऱ्याचं एक नाही. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंदेंची नावं आपल्या तोंडावर आहेत, असायलाच पाहिजेत. पण त्यांच्या मागे ढोलकीवर कोण बसायचं, सांगा बरं? ब्राह्मणी व्यवस्थेला शिव्या देताना ही आपली छोटी ब्राह्मणी व्यवस्थासुद्धा मोजायची. तिथं आकडा चुकवायचा नाही.

कातड्याचं नाव घेतलं की वरच्यांना काय होतं, त्याचा दाखला ताजा आहे. कर्नाटक संगीताचा गायक टी. एम. कृष्णा याने २०२० साली मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती घराण्यांवर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक काढलं. मोठमोठे मृदंगवाले ज्यांच्या हातावर मोठे झाले त्या कारागिरांची नावं, आणि मृदंगाला गाईचं कातडं लागतं ही गोष्ट, दोन्ही त्यात छापली. प्रकाशनाला चेन्नईच्या कलाक्षेत्राने आधी सभागृह दिलं आणि मग परवानगी काढून घेतली. मृदंग पवित्र, आणि तो कशाचा, कुणी बनवला हे सांगणं अपवित्र.

आता पुन्हा काळेकडे येऊ, कारण तो फिरत फिरत आपल्याच दाराशी आलाय. १४ फेब्रुवारी २०१९ ला ‘गली बॉय’ सिनेमा लागला. धारावीतला पोरगा रॅपर होतो, ती गोष्ट. धारावी म्हणजे चामड्याच्या धंद्याची वस्ती. या सिनेमाचं पार्श्वसंगीत कर्ष काळे आणि सॅल्व्हेज ऑडिओ कलेक्टिव्ह यांचं. म्हणजे न्यूयॉर्ककडे वाढलेला मराठी तबलेवाला, हिपहॉप आणि मुंबईची झोपडपट्टी, तिन्ही एका पडद्यावर. पिक्चर बघायला आम्ही सगळे गेलो, शिट्ट्या मारल्या. त्यात ‘आझादी’ नावाचं एक गाणं आहे. ते काळेचं नव्हे, डब शर्मा आणि डिव्हाइन यांचं. त्याचा मूळ ट्रॅक डब शर्माने २०१६ साली केला होता, जेएनयूतल्या कन्हैया कुमारच्या घोषणा मशीनीत घालून. त्या घोषणांत मनुवादापासून सुटका मागितली होती. सिनेमात भूक राहिली, भेदभाव राहिला. मनुवाद तेवढा गळून पडला. ताल तोच, ठेका तोच, ज्या शब्दासाठी तो ठेका धरला होता तो शब्द वजा. कातडं ठेवलं, जीव काढला. मिश्रण कुठे फसतं ते इथं दिसतं: आपला ताल हवा, आपला राग हवा, पण आपल्या शत्रूचं नाव नको.

दुसरा दाखला दक्षिणेचा. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणं आलं. संतोष नारायणनची रचना, धीचा आवाज, आणि शब्द आणि रॅप अरिवूचे. अरिवू आपला, दलित कवी. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून परत आलेल्या भूमिहीन आजीची गोष्ट त्याने त्यात घातली होती. गाणं जगभर वाजलं. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या यशाचं कौतुक झळकलं, पण फोटोत अरिवू नव्हता. पा. रंजितने जाहीर आवाज उठवला, बोंब झाली, तेव्हा कुठे मासिकाने अरिवूचा फोटो काढला. ज्याने शब्द दिले, आजी दिली, तोच फोटोबाहेर. पण ध्यानात ठेवा, बोंब मारणारा होता म्हणून तो आत आला. त्याच रंजितने टेन्माबरोबर उभ्या केलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पहिला कार्यक्रम केला. गाना, पराई, रॉक, रॅप, सगळं मिसळलं, आणि जातीचा प्रश्न गाण्याच्या मधोमध ठेवला. मिश्रण असंही करता येतं.

मुंबईत ‘स्वदेसी’ नावाचा हिपहॉप गट आहे. त्यात बॅमबॉय या नावाने काम करणारा तालवादक आहे, हाताने वाजवणारा आणि मशीनवर रचणाराही. या गटाने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. आरेच्या केलटीपाड्यातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गायले. गाण्याच्या नावाशेजारी त्यांचं नाव आहे. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून माणूस पुसून टाकलेला नाही. गाणं आलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, दोन हजारांवर पडली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, सरकारने ती कारशेड आमच्या कांजूरमार्गच्या मिठागराच्या जमिनीवर हलवली. डिसेंबरात हायकोर्टाने स्थगिती दिली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत गेली. आरे काय, कांजूर काय, जमीन कुणाची हा प्रश्न एकाच गाण्यात मावत होता. तो मावला, कारण ज्याची जमीन त्याचा आवाज त्याच्या नावासकट ठेवला होता.

नाव लिहून ठेवल्याने काय होतं ते मुलुंडच्या विलास घोगरेंकडे बघा. १९८५ च्या आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात हा शाहीर गाताना दिसतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. आज आपल्याकडे त्यांचा आवाज आहे, चेहरा आहे, कारण कुणीतरी तो नावासकट नोंदवला. २०११ चा ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांच्यापासूनच सुरू होतो. ज्यांचं कुणी नोंदवलं नाही असे किती डफवाले, दिमडीवाले, ढोलकीवाले गेले, त्यांचा आकडा कुठल्याच दप्तरात नाही.

माझ्या वस्तीतल्या चार हलगीवाल्यांना मध्यंतरी एका स्टुडिओत बोलावलं. मीही गेलो होतो, ओझं उचलायला. सहा तास वाजवून घेतलं. वेगवेगळ्या गतीत, एकेकट्याने, मग एकत्र. शेवटी हातात रोख, कागद नाही, सही नाही. ते तुकडे आता कुणाच्या मशीनीत आहेत, कुठल्या जाहिरातीत, कुठल्या सिनेमात, देव जाणे. गोदीत निदान टॅलीवाला असतो. किती पेट्या उतरल्या, कुठल्या पाळीत, कुठल्या टोळीने, हे तो लिहितो. तालाच्या गोदीत टॅलीवालाच नाही. म्हणून माल जातो आणि हमाल तिथंच राहतो.

तेव्हा बीट बनवणाऱ्या पोरांनो, टॅली आपणच ठेवायची. ठेका कुणाच्या मालकीचा नसतो; केरवा कुणाच्या बापाचा नाही, असूही नये. पण एखाद्याने वाजवलेला तुकडा त्याचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क मानलाय, २०१२ च्या दुरुस्तीने त्याला रॉयल्टीचा आधार दिलाय. कायदा आपोआप पैसे आणून देत नाही, कागद लागतो. अर्ध्या पानाचा चालेल: कोण वाजवलं, कधी, कशासाठी, किती रुपये, पुढे दुसरीकडे वापरलं तर किती. खाली दोन सह्या. गाणं चढवताना हलगी कुणाची, संबळ कुणाचा, कोरस कुणाचा, सगळी नावं चढवा. तुकडा उचलायचा असेल तर आधी म्हाताऱ्याच्या दारात जा, विचारा, चहा प्या, पैसे द्या. तो नाही म्हणाला तर नाही. नाही म्हणायचा हक्क आपल्या बापजाद्यांनी रक्त आटवून मिळवलाय, तो आपणच मोडायचा नाही. आणि कुणी येऊन म्हणाला, ताल छान आहे, तेवढा एक शब्द काढा, तर लॅपटॉप बंद करून उठा.

मंडळवाल्यांनो, यंदाच्या जयंतीच्या पत्रिकेवर दोन पाहुणे कमी छापा आणि हलगीवाल्यांची नावं घाला, आडनावासकट. डीजेला जे द्याल त्याच्या निम्मं तरी त्यांना द्या, तेही मिरवणूक सुटायच्या आधी.

कर्ष काळेकडून तबला आणि मशीन कसं भिडवायचं ते शिका, जरूर शिका. त्रिलोककडून आईचं नाव कसं लावायचं ते शिका. कोलमनकडून बिननावाचं मरण कसं असतं ते शिका. जपान घ्या, जमैका घ्या, ब्रॉन्क्स घ्या, सगळं जग घ्या, कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. फक्त ज्याच्या हाताचं घ्याल त्याचं नाव घ्या. आपलं नाव हजारो वर्षं कुणी घेतलं नाही, आणि घेतलं तेव्हा शिवी म्हणून घेतलं. नाव न घेणं म्हणजे काय, ते आपल्याएवढं कुणाला माहीत आहे?